वाफसा आणि विवेक

मराठींत ‘वाफसा’ असा एक शब्द आहे. पाऊस पडून गेल्यावर जमीन जेव्हां फार ओलीहि नसते आणि फार कोरडीहि नसते, पाय टाकला तर चिखल होत नाहीं आणि मूठ वळून सोडली तर माती हलकेच सुटी होते, तेव्हां जमिनीस वाफसा आला असें म्हणतात. हा शब्द कोणा पंडितानें टांकसाळींत पाडलेला नाहीं; तो शेतकऱ्याच्या बोटांतून आलेला आहे. वाफसा ओळखण्याची विद्या पुस्तकांत लिहून ठेवण्याजोगी नव्हती. बापानें मुलाच्या हातांत माती द्यावयाची आणि मुलानें ती दाबून पाहावयाची, एवढीच काय ती तिची शाळा. आज हीच विद्या वीतभर लांबीच्या एका कांट्यास येऊं लागली आहे. तो जमिनींत रोवून ठेवला म्हणजे अष्टौप्रहर मातीची ओल मोजीत बसतो, आकाशाची वार्ता दुसरीकडून मागवून घेतो, आणि पाणी द्यावयाचें कीं नाहीं ह्याचा निकाल घरधनी झोंपेंत असतांना परस्पर लावून टाकतो. बंगल्यापुढील हिरवळ ह्या यंत्राच्या हवालीं करून लोक निश्चिंतपणें परगांवीं जातात. दुसऱ्याची तहान ओळखण्याचें काम यंत्राकडे दिलें म्हणजे आपलें कर्तव्य हलकें होतें, कीं केवळ जागा बदलून दुसरीकडे जाऊन बसतें, हा प्रश्न येथें उत्पन्न होतो. आणि तो दिसतो तितका किरकोळ नाहीं, असें आम्हांस वाटतें.

हा प्रश्न आम्ही धाराशिव जिल्ह्याच्या भूमीवर उभें राहून विचारूं इच्छितों. लंडनच्या उपनगरांत तो केवळ सोयीचा प्रश्न राहील. येथें तो धर्माचा होतो. ज्यास २०२३ पर्यंत सरकारी कागदांत उस्मानाबाद म्हणत, तो हा जिल्हा बालाघाटाच्या पठारावर वसलेला असून त्याच्या वांट्यास वर्षास सरासरीनें सातशें-आठशें मिलिमीटरच्या आसपास पाऊस येतो. आणि तोहि बहुतेक सारा चार महिन्यांत. खोऱ्यांत काळी, भेगाळणारी जमीन. माळावर मुरुम आणि वीतभर माती. येथील पावसाची रीतहि न्यारी. बैलाचें एक शिंग भिजतें आणि दुसरें कोरडें राहतें, असें शेतकरी म्हणतात तें उगीच नव्हे. पावसाची वाट पाहतां पाहतां ज्यांचे डोळे शिणतात, त्याच परंडा-भूम भागांतील शेतें २०२५ च्या सप्टेंबरांत अतिवृष्टीनें पाण्याखालीं गेलीं. खुद्द धाराशिव शहराचें पिण्याचें पाणी सोलापूर जिल्ह्यांतून, भीमेवरील उजनी धरणांतून, नळानें आणावें लागतें. अशा मुलुखांतहि आतां नव्या वसाहतींत बंगल्यांपुढें हिरवळी दिसूं लागल्या आहेत. आणि ‘लॉन’ हा इंग्रजी शब्द तर आम्हीं इतका आपलासा केला आहे कीं, ‘मंगल कार्यालय व लॉन्स’ अशी पाटी वाचल्यावर कोणास गवत आठवत नाहीं, जेवणाची पंगतच आठवते! हिरवळ ही प्रतिष्ठेची वस्तु झाली, कीं तिला पाणी कसें द्यावें हा प्रश्न मागोमाग येतोच.

प्रथम ह्या यंत्राची करणी थोडक्यांत सांगितली पाहिजे. कारण ज्या वस्तूची नीट ओळख नाहीं तिच्यावर नीतीचे ताशेरे झाडणें हें न्यायाचें नव्हे. विद्युत् सांठवून ठेवण्याचा एक गुण पदार्थांत असतो. पाण्याचे ठायीं तो कोरड्या मातीच्या मानानें कितीतरी पट अधिक आहे. कांट्याभोंवतालच्या मातींतील ओल ह्या गुणावरून यंत्रास कळते. ऊन, वारा, हवेंतील दमटपणा आणि उद्यांच्या पावसाचा संभव, हे आंकडे इंटरनेटवरून येतात. घरधन्यानें एक मर्यादा आंखून दिलेली असते. ओल त्या मर्यादेखालीं उतरली आणि पाऊस येण्याचें चिन्ह नसलें म्हणजे विजेवर चालणारा व्हॉल्व्ह उघडतो, फवारे सुरू होतात, आणि ओल पुरेशी झाली कीं बंद होतात. ह्यामागचें गणितहि थोर आहे. इंग्लंडांतील रॉथॅमस्टेड येथील शास्त्रज्ञ हॉवर्ड पेनमन ह्यांनीं १९४८ सालीं उघडें पाणी, उघडी माती आणि गवत ह्यांवरून किती पाणी वाफ होऊन जातें ह्याचा हिशेब प्रसिद्ध केला. त्याच वाटेनें पुढें गेलेली एक रीत संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेनें १९९८ सालीं साऱ्या जगासाठीं प्रमाण म्हणून मांडली. त्या रीतींत मोजपट्टी म्हणून धरलें आहे तें बारा सेंटिमीटर उंचीचें, सारखें वाढलेलें, पाण्याची कधींहि वाण न पडलेलें असें एक कल्पित गवत! ज्वारीस किती पाणी लागेल, उंसास किती लागेल, हें त्या गवताच्या पटींत सांगावयाचें. ज्याला तहान ठाऊक नाहीं त्याच्या मापानें जगाची तहान मोजावयाची, ह्यांतील विनोद वाचकांच्या ध्यानीं आलाच असेल; त्याकडे आपण पुढें वळूं.

ह्या यंत्राचा उपयोग खरा आहे हें कबूल केलें पाहिजे. मनुष्य पाणी घालतो तें बहुधा संवयीनें किंवा घड्याळानें. सकाळीं सातास पाणी, म्हणजे सातास पाणी; रात्रीं वळवाची सर येऊन गेली असली तरी माळ्याचा हात थांबत नाहीं. ज्यास घड्याळाशिवाय दुसरें कांहींच कळत नाहीं अशा जुन्या स्वयंचलित फवाऱ्यांची कथा तर ह्याहून हास्यास्पद. वरून पाऊस कोसळत आहे आणि खालून फवारे त्याच्याशीं स्पर्धा करीत आहेत! त्या मानानें जमिनीस विचारून पाणी देणारें यंत्र हें खचित शहाणें होय. तें चुकत नाहीं असें मात्र नाहीं. काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळली आणि कांटा नेमका भेगेंत लोंबकळूं लागला, तर त्यास मातीच्या ऐवजीं हवा लागते. आणि मग तें ‘कोरडें, कोरडें’ म्हणून ओरडत पाणी सोडीत राहतें. ज्यानें कांटा पुरला त्यानें अधूनमधून खालीं वांकून तो पाहिला पाहिजे, एवढा बोध त्यापासून घ्यावा. पण ह्या चुका दुरुस्त होण्यासारख्या आहेत, आणि ज्या दोषास कारागीर पुरेसा आहे त्यासाठीं तत्त्ववेत्त्यास हांक मारण्याचें कारण नाहीं.

कोणी म्हणतात कीं हें सारें अनैसर्गिक आहे. मातीचें आणि पाण्याचें नातें मनुष्याच्या हातांनींच जुळावें. ह्यांस आम्ही जिल्ह्यांतीलच एका गांवीं घेऊन जातों. तेरणेच्या कांठीं तेर नांवाचें गांव आहे. प्राचीन काळचें प्रसिद्ध व्यापारी नगर तगर तें हेंच. आणि गोरोबाकाकांची, म्हणजे संत गोरा कुंभाराची, समाधि येथेंच आहे. कुंभाराच्या चाकावरचें कच्चें मडकें आव्यांत भाजून निघालें, कीं त्याच्या अंगीं असंख्य सूक्ष्म छिद्रें असतात. असें मडकें रोपाशेजारीं गळ्यापर्यंत पुरून पाण्यानें भरून ठेवलें, तर भोंवतालची माती कोरडी असेल तेव्हां ती पाणी ओढून घेते; माती तृप्त झाली कीं झिरपणें मंदावतें. विजेवांचून, कांट्यावांचून, कोणाच्या देखरेखीवांचून, मडकें मातीची तहान ओळखतें! ही युक्ति चीन देशांतील शेतीच्या एका ग्रंथांत दोन हजार वर्षांपूर्वीं नमूद झालेली आहे, आणि आपल्याकडेहि कोरडवाहू माळावर झाड जगवावयाचें असलें म्हणजे लोक मडकें पुरतात. मौज अशी कीं, आजच्या शास्त्रज्ञांचें मातीची ओढ मोजण्याचें जें एक साधन आहे, त्याच्या टोंकाशींहि अशीच सच्छिद्र भाजलेल्या मातीची एक वाटी बसविलेली असते. तेव्हां यंत्र परकें म्हणून त्याज्य, हा आक्षेप कुंभाराच्या आव्यांतच भाजून निघतो. मातीची तहान मातीनेंच ओळखावी ही कल्पना जुनी आहे. नवी आहे ती तार आणि वीज.

दुसरा आक्षेप अधिक कोमल आणि म्हणूनच अधिक बळकट आहे. कण्वाश्रमांतील शकुंतला झाडांस पाणी घातल्यावांचून स्वतः पाणी पीत नसे, ही कालिदासानें सांगितलेली गोष्ट कोणास ठाऊक नाहीं? आपल्या घरोघरच्या तुळशीवृंदावनापाशींहि सकाळीं तांब्याभर पाणी पडतें, तें कांहीं मातीची ओल मोजून पडत नाहीं. आक्षेप घेणारे म्हणतात, झाडास पाणी मिळालें ही अर्धीच गोष्ट. देणाऱ्याच्या मनास जें मिळतें तें दुसरें अर्ध. यंत्रानें पहिलें अर्ध राखलें आणि दुसरें गमावलें. शकुंतलेच्या व्रतांत स्वतःच्या तहानेची गांठ दुसऱ्याच्या तहानेशीं मारलेली होती. यंत्र ती गांठ तोडून टाकतें.

ह्या म्हणण्यांत सत्य आहे. तथापि त्याचें परीक्षण केल्यावांचून तें स्वीकारतां येत नाहीं. कळकळ असली म्हणजे ज्ञान आपोआप येतें असें नाहीं. गोरोबाकाकांचीच कथा पाहा. विठ्ठलाच्या भजनांत ते इतके रंगले कीं, चिखल तुडवीत असतां रांगत आलेलें स्वतःचें मूल पायांखालीं आल्याचें त्यांस भान राहिलें नाहीं. भक्तिपर अंगानें ह्या कथेचा अर्थ कसाहि लावला जावो. आम्हांस ती एवढें निश्चित सांगते कीं, मनुष्याचें अवधान एक आहे आणि तें एका ठिकाणीं लागलें म्हणजे दुसऱ्या ठिकाणाहून उठतें. ज्याचें प्रेम निःसंशय होतें अशा पित्याच्या पायांखालीं हें घडलें. त्याच गोरोबांची दुसरी कथा अशी कीं, मुक्ताबाईच्या सांगण्यावरून त्यांनीं जमलेल्या संतांच्या डोक्यांवर थापटणें मारून कोणतें मडकें पक्कें आणि कोणतें कच्चें हें पाहिलें, आणि नामदेव कच्चा ठरला. तेथें कुंभाराचें ज्ञान भावनेवर विसंबून नव्हतें; तें ठोकून पाहण्यावर विसंबून होतें. तळमळ आणि पारख हे दोन भिन्न गुण आहेत, आणि एक आहे म्हणून दुसरा असेलच असें नाहीं, हें एकाच संताच्या दोन कथांतून शिकण्यासारखें आहे. तेव्हां पारखेचें काम जर कांटा अधिक चांगलें करीत असेल, तर तें त्यास करूं द्यावें. झाडास आपल्या भावनेचें पाणी लागत नाहीं, नळाचें लागतें.

शिवाय हातानें पाणी घालण्याचें माहात्म्य गाणाऱ्यांस आम्ही एक विचारतों: ती घागर आजवर कोणाच्या डोक्यावर होती? तुळशीस पाणी घालणारी आणि तें पाणी आडावरून आणणारी बहुधा एकच बाई असे. आणि तिच्या श्रमांतील काव्य ज्यास दिसलें तो मात्र बहुधा ओटीवर बसलेला असे. रात्रीची वीज आली म्हणून काळोखांत, विंचवा-सापांच्या भयांत, शेतांत दारें धरावयास जाणाऱ्या शेतकऱ्यास जाऊन सांगावें कीं, बाबा रे, यंत्र लावूं नकोस, त्यानें मातीशीं तुझें नातें तुटेल! तो काय उत्तर देईल हें आम्हांस ठाऊक आहे. दुसऱ्याच्या पाठीवरचें ओझें सुंदर दिसतें, म्हणून तें उतरूं नये असें म्हणणें ही रसिकता नव्हे. तो निष्ठुरपणा होय. बारामतीच्या कृषि विज्ञान केंद्रानें उंसाच्या शेतांत मातींतील कांटे, हवामानाचें छोटें केंद्र आणि उपग्रहाचीं चित्रें ह्यांची सांगड घालून केव्हां किती पाणी द्यावें हें शेतकऱ्यास कळविण्याचा जो प्रयोग चालविला आहे, त्याकडे आम्ही ह्याच दृष्टीनें आदरानें पाहतों.

येथवर यंत्राचा पक्ष जिंकला असें वाटेल. पण खरा प्रश्न आतां सुरू होतो. यंत्र ‘केव्हां’ आणि ‘किती’ ह्या दोन प्रश्नांचीं उत्तरें देतें; ‘कोणाचें’ आणि ‘कशासाठीं’ हे दोन प्रश्न त्यास विचारलेलेच नसतात. एक साधा हिशेब मांडून पाहूं. एक मिलिमीटर पाणी एक चौरस मीटर जागेवर पसरलें म्हणजे तें बरोबर एक लिटर भरतें. शंभर चौरस मीटरची, म्हणजे हजार चौरस फुटांहून थोडीशी मोठी, हिरवळ घ्या. वैशाखांत तिच्यांतून रोज सहा मिलिमीटर पाणी वाफ होऊन जातें असें धरलें, तर दिवसास सहाशें लिटर झालें. २०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन मोहिमेनें खेड्यांतील माणशीं रोजचा हक्क ५५ लिटर ठरविला आहे. त्या मापानें एक हिरवळ अकरा माणसांचें पाणी पिते. आतां उत्तम यंत्र बसवून त्यांतील तिसरा हिस्सा वांचविला असें समजा. चारशें लिटर उरले. म्हणजे अद्यापि सात माणसें. घरधनी अभिमानानें सांगतो कीं, मीं रोज दोनशें लिटर वांचवितों. तें खोटें नाहीं. पण काटकसरीचा हा अभिमान त्या चारशें लिटरांवर पांघरूण घालतो, हेंहि तितकेंच खरें. जो मुळांतच अनावश्यक खर्च आहे तो शहाणपणानें केला म्हणजे आवश्यक होत नाहीं.

ह्या गोष्टीचा निवाडा महाराष्ट्रांत एकदां उघड न्यायासनापुढें झाला आहे. २०१६ च्या एप्रिलांत शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. त्याच आठवड्यांत मुंबईच्या उच्च न्यायालयानें असा हुकूम केला कीं, ३० एप्रिलनंतरचे आय. पी. एल. क्रिकेटचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यावे. कारण मैदानें हिरवीं ठेवण्यास लागणारें पाणी हा वादाचा विषय झाला होता. तेव्हां पुष्कळांनीं म्हटलें, मैदानाचें पाणी वांचवून तें लातुरास थोडेंच पोंचणार आहे? हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. मुंबईच्या मैदानावरील पाणी मांजरेच्या खोऱ्यांत वाहात नाहीं, हें भूगोलाचें सत्य आहे. परंतु नीतीचा भूगोल निराळा असतो. शेजारीं सुतक असतां घरांत सनई लावूं नये असें आपण मानतों. सनई बंद केल्यानें मेलेला मनुष्य उठून बसतो म्हणून नव्हे. दुसऱ्याच्या दुःखाची दखल आपल्या वागणुकींत कोठें तरी दिसली पाहिजे, ही समाजाची किमान मागणी आहे. मैदानाचें गवत त्या वेळीं किती काटकसरीनें भिजविलें जात होतें हा मुद्दाच नव्हता. यंत्रास आपल्या कांट्यापलीकडची तहान दिसत नाहीं, आणि ती दिसण्याची सोय करण्याची जबाबदारी मनुष्याची आहे.

ज्याचें त्याचें यंत्र ज्याच्या त्याच्यापुरतें शहाणें असलें म्हणजे सर्वांचें भलें होतें, असेंहि नाहीं. आमच्या खेड्यांतील विजेच्या पंपांस लोकांनीं आपोआप सुरू होणारीं बटनें बसविलीं. वीज आली कीं पंप चालूं. रात्रीं उठावयास नको. एकेकट्याच्या दृष्टीनें ही सोय निर्दोष. पण वीज येतांच गांवांतील सारे पंप एकाच क्षणीं उसळून चालूं होतात, डी. पी. वर भार येतो, ती जळते, आणि मग आठ-आठ दिवस कोणाचाच पंप चालत नाहीं. म्हणून तीं बटनें काढा असें महावितरणास पुनःपुन्हां विनवावें लागतें. इंग्लंडांत स्टॅन्ली जेव्हन्स ह्या अर्थशास्त्रज्ञानें १८६५ सालींच दाखविलें होतें कीं, कोळसा काटकसरीनें जाळणारीं इंजिनें निघाल्यानें कोळशाचा खप घटला नाहीं, वाढला. पाण्याचेंहि तसेंच होतें. ठिबकानें वांचलेलें पाणी बहुधा विहिरींत राहात नाहीं. तें आणखी चार सरी उंसाकडे जातें. वांचविलेली वस्तु कोठें जावी हें आधीं ठरविलेलें नसेल, तर वांचविणें हें केवळ अधिक खर्चण्याचें प्रास्ताविक ठरतें. पुरंदर तालुक्यांत विलासराव साळुंखे ह्यांनीं १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, तेव्हां त्यांनीं हें मर्म ओळखलें होतें. त्यांनीं पाण्याचा वांटा जमिनीवर न ठरवितां माणशीं ठरविला, भूमिहीनासहि त्यांत हक्क दिला आणि उंसास मना केली. तेथें प्रथम ‘कोणाचें’ ह्याचा निकाल लागला, ‘किती’ हें त्यामागून आलें. आमच्या यंत्रांत हा क्रम उलटा झाला आहे.

आतां मघाशीं बाजूस ठेवलेल्या कल्पित गवताकडे वळूं. कारण ह्या साऱ्या घोंटाळ्याचें मूळ तेथें आहे. यंत्र म्हणतें, ‘गवतास पाण्याची गरज आहे.’ खरेंच का? आपल्या हिरवळींत जें गवत पुष्कळदां लावतात ती हरळी, म्हणजे गणपतीस वाहतों ती दूर्वा. शेतकरी तिला जन्मभर खणून काढतो आणि ती जन्मभर पुन्हां उगवते. उन्हाळ्यांत पाणी तुटलें म्हणजे ती वरून वाळते, खालीं मुळांत जीव धरून बसते, आणि मृगाच्या पहिल्या सरीबरोबर पुन्हां हिरवी होते. बालाघाटाच्या माळावरील कुसळीचें गवतहि दिवाळी सरली कीं पिवळें पडतें. त्यास कोणी मेलें म्हणत नाहीं. ह्या मुलुखांत पिवळें पडणें हा गवताचा रोग नव्हे, तो त्याचा धर्म आहे. मग वैशाखांत पाण्याची गरज कोणास आहे? गवतास नव्हे, तें हिरवें पाहूं इच्छिणाऱ्या आमच्या डोळ्यांस. यंत्राच्या कांट्यावर जी मर्यादा आंखलेली आहे ती गवतानें आंखलेली नाहीं, आम्हीं आंखली आहे. आमची हौस आम्हीं आंकड्याच्या रूपानें त्यांत भरली, आणि तोच आंकडा ‘गरज’ ह्या नांवानें आम्हांस परत मिळाला! यंत्राच्या स्वीकारांतील मोठा धोका आम्हांस दिसतो तो हाच. तें आळशी बनवितें हा धोका लहान आहे. हौस ही गरजेचा पोशाख घालून परत येते आणि आपण तिला ओळखीत नाहीं, हा धोका मोठा. नोकरास ‘पाणी सोड’ म्हणून रोज सांगावें लागे, तेव्हां निदान आपला आवाज तरी आपल्या कानीं पडत असे.

मग हिरवळच नको काय? आम्ही इतके कठोर नाहीं. उन्हानें तापलेल्या गांवांत म्हाताऱ्या माणसास पाय टेकावयास, लहान मुलास लोळावयास, चार हात हिरवी जागा असावी, ही इच्छा पाप नव्हे. हौस ही हौस म्हणून ओळखली तर तिलाहि संसारांत स्थान आहे. फक्त तिनें रांगेंत गरजेच्या मागें उभें राहिलें पाहिजे. न्हाणीचें आणि भांडीं धुतल्याचें पाणी तिला द्यावें. जागा अंगणाएवढी असावी, मैदानाएवढी नव्हे. आणि उन्हाळ्यांत तिला पिवळी पडूं द्यावी.

आणि ह्या रांगेच्या कामीं यंत्राचाच उपयोग करून घेतां येईल, असें आमचें मत आहे. आपल्या परंपरेंत ‘संकल्प’ म्हणून एक वस्तु आहे. मन शांत असतां, हातावर पाणी घेऊन, पुढें कसें वागावयाचें हें मनुष्य ठरवितो; मोहाच्या वेळीं पुन्हां विचार करावयाचा नसतो, ठरलेलें पाळावयाचें असतें. यंत्रांत भरलेली मर्यादा ही नेमकी अशीच वस्तु आहे. आधीं केलेला आणि पुढें आपोआप पाळला जाणारा संकल्प. तर मग त्या संकल्पांत केवळ मातीची ओलच कां असावी? मातीची तार आणि आकाशाची तार ह्यांच्या जोडीस एक तिसरी तार असावी. आपल्या विहिरीची पातळी, धरणांतील सांठा, नळास पाणी किती दिवसांनीं येतें, हेहि आंकडेच आहेत, आणि त्यांतील पुष्कळसे जाहीर होतात. गांवास टँकर लागला कीं हिरवळीचा व्हॉल्व्ह उघडावयाचाच नाहीं, मग माती कितीहि कोरडी असो, असा नियम यंत्रांत घालणें कारागिरास क्षणाचें काम आहे. ज्या यंत्रास उघडावें केव्हां हें कळतें, त्यास न उघडणेंहि शिकवितां येतें; शिकविणारा मात्र हवा.

कोणी विचारील कीं, यंत्रानें पाळलेल्या संकल्पाचें पुण्य मालकास कसें लागेल? पण आपल्याकडे पुरोहिताकडून अनुष्ठान करवून त्याचें फळ यजमानाच्या पदरीं घालण्याची चाल जुनी आहे. तेथें ही शंका फारशी कोणी काढली नाहीं! खरें उत्तर असें कीं, पुण्य असलें तर तें पाणी थांबविण्यांत नाहीं, मर्यादा ठरविण्यांत आहे. जो ती एकदां ठरवून विसरला त्यानें संकल्प केला नाहीं, सुटका करून घेतली. म्हणून प्रत्येक वर्षीं मृग निघण्यापूर्वीं आणि हस्त सरल्यावर, त्या वर्षाचें पाऊसमान पाहून, घरांतील वडील माणसांनीं आणि मुलांनीं एकत्र बसून तो आंकडा नव्यानें ठरवावा. यंत्रामुळें पाणी घालण्याचे जे तास वांचले त्यांतील एखादा तास ह्या विचारास दिला, तर शकुंतलेची जी गांठ तुटली असें आक्षेपकांस वाटतें ती तेथें पुन्हां बांधली जाईल. आणि कदाचित् अधिक घट्ट. कारण शकुंतलेची गांठ आश्रमांतील झाडांपुरती होती. ही गांठ ज्यांचीं तोंडें आपण कधीं पाहिलीं नाहींत अशा माणसांच्या तहानेशीं आपली हौस बांधील.

सारांश, मातीस वाफसा आहे कीं नाहीं हें यापुढें कांट्यानेंच सांगावें. तें काम तो आमच्याहून बरें करतो आणि त्यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. पण पाणी कोणाचें, हौस किती आणि थांबावें कोठें, ह्यांचा वाफसा मनांत यावा लागतो. तो मोजणारा कांटा अद्यापि निघालेला नाहीं. तोंपर्यंत ती मूठ प्रत्येकानें स्वतःच वळून पाहिली पाहिजे.